सहा की दहा

आमच्या मजल्यावर कुणाकडे काय शिजतंय ते मला वासावरून कळतं, कुणाचा कुणाशी अबोला आहे ते दार आपटण्यावरून कळतं, आणि कुणाकडे पाहुणे राहायला आलेत ते वाळत घातलेल्या टॉवेलांवरून. असं असताना समोरच्या भाऊजींचे वरचे पुढचे दात त्यांचे स्वतःचे नाहीत, ही गोष्ट इतकी वर्षं मला कळू नये? त्या सकाळी मी अक्षरशः तोंडात बोटं घातली. समोर भाऊजीही तोंडात बोटं घालून उभे होते, पण ते आत काय काय उरलंय ते चाचपत होते.

झालं असं, की भाऊजी केळं खात होते. दगड नव्हे, सुपारी नव्हे, केळं! एकदम त्यांच्या घरातून अशी आरोळी आली, की मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. बघते तर टेबलावर अर्धं केळं आणि त्यात एक दात ताठ उभा, वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती रोवावी तसा. शेजारी बशीत तारेचे आकडे असलेली गुलाबी कवळी. आणि भाऊजींचं तोंड! कालपर्यंत माझ्याकडे बघून बत्तिशी दाखवणारा माणूस, आणि मध्ये नुसता बोगदा.

"ताई, तुम्ही काही पाहिलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"मी सगळं पाहिलं," मी म्हटलं.

"तेच म्हणते. पाहिलं, पण पाहिलं नाही."

वहिनींना अर्थात सगळं ठाऊक होतं. माझ्याशी साखरेपासून सासूपर्यंत सगळ्याची देवाणघेवाण करणारी बाई, पण दातांचा विषय निघाला की बाईंना दातखीळ. ती कवळी म्हणे तीन दातांना आकडे अडकवून बसत असे. त्यातला मधला खांब केळ्यात गेला. आता कवळीला धरायलाच काही उरलं नव्हतं.

एखाद्या माणसाचे दात पडले तर पडले. हसतील त्यांचे दात दिसतील, नाहीत त्यांचे नाही दिसणार. पण भाऊजींचं पोटच तोंडावर होतं. आमच्या गावच्या मोठ्या बसस्टँडवर गाड्या पुकारायचं काम त्यांचं. वरच्या काचेच्या खोलीत माइकपुढे बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते सांगायचं. लोक त्यांना भोंगा म्हणायचे, पण प्रेमानं. कारण त्या स्टँडवर गाडीच्या पाटीवर विसंबून कुणी शहाणा माणूस प्रवास करत नाही. मागच्या फेरीची पाटी तशीच ठेवून ड्रायव्हर चहाला गेलेला असतो. भोंगा म्हणेल तीच गाडी खरी. त्यांचा आवाज म्हणजे घट्ट विणलेली खाट, एक सुतळी सैल नाही. घरातही तसंच बोलायचे. मी दारात दिसले रे दिसले, की आतून पुकारा, "शेजारीणबाई आपल्या दारात लागलेल्या आहेत. गृहिणींनी आपापली गुपितं सांभाळावीत!"

आणि आता तोच माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "हेवाहीवबाई."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. अंगावर काटा आला.

(इथून पुढे भाऊजींचं बोलणं मी दात बसवून लिहिते आहे. जसंच्या तसं लिहिलं तर वाचणाऱ्याचे हाल कुत्रा खाणार नाही.)

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे त्यांच्याबरोबर मी गेले. वहिनींना रक्त बघवत नाही आणि मला बघितल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे कामं आपोआप वाटली गेली. बाई वयानं लहान, पण हात शांत. त्यांनी आधी मोठा फोटो काढला आणि भिंतीवरच्या पडद्यावर लावला. मी म्हटलं, "हे कुणाचं?"

"यांचंच."

मला वाटलं होतं दात नसले की हिरड्या असतात, झालं. पण पडद्यावर वरच्या जबड्याचं हाड किनाऱ्यावरच्या वाळूसारखं खचत गेलेलं दिसत होतं, आणि त्यात उरलेले पाच दात, वादळानंतर उभ्या राहिलेल्या खुंटांसारखे. भाऊजी खुर्चीत आडवे पडल्या पडल्या स्वतःच्या कवटीकडे टक लावून बघत होते. जिवंतपणी आपली कवटी बघायला मिळणं काही बरं नव्हे.

"हिरड्यांचा जुना आजार आहे," बाई म्हणाल्या. "हाड गेलंय, म्हणून दात हलतायत. नवी कवळी करता येईल. टाळू झाकणारी, काढा-घाला करायची. नाहीतर हे."

असं म्हणून त्यांनी टेबलावर एक प्लास्टिकचा जबडा ठेवला. त्यात खालून वर गेलेले स्क्रू. होय, स्क्रू! आमच्या न्हाणीघरातला आरसा ज्यांनी लावलाय तसले, जरा नाजूक. त्या स्क्रूंवर दातांची अख्खी कमान एकदम बसवलेली.

"हे हाडात जातात?" भाऊजींनी विचारलं.

"हाडात. चार किंवा सहा. आधी हाडाचा नीट स्कॅन करून बघायचं, साखर तपासायची. सगळं जुळलं तर हाड त्यांना धरून घेतं. मग ही कमान पक्की. रोज घासायची, पण काढायची नाही."

"भिंतीत कपाट ठोकतात तसं," मी म्हटलं.

"साधारण तसंच. फक्त भिंतीला आपण भूल देत नाही."

भाऊजी जरा हसले. तोंड मिटून. मग बाई सहज म्हणाल्या, "त्याआधी हे पाच काढावे लागतील."

खुर्ची करकरली. भाऊजी उठून बसले होते. नळी, वाटी, छातीवरचा कागदी रुमाल, सगळ्यासकट.

"काढावे म्हणजे?"

"उपटावे."

"अहो, पण हा सुळा घट्ट आहे! हलवून बघा. हा कालपर्यंत ऊस सोलायचा. चालत्या माणसाचे पाय कापून त्याला नवी गाडी देता?"

"एका खांबावर छप्पर उभं राहत नाही, काका. आज घट्ट आहे, हाड असंच जात राहिलं तर तोही जाईल. पण घाई नाही. विचार करा, वाटलं तर आणखी एका डॉक्टरांना दाखवा."

"आणि बोलणं? पहिल्यासारखं येईल?"

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. ते मला आवडलं. "सुरुवातीला अडखळाल. काही महिने मऊ खायचं, मोठ्यानं वाचायचा सराव करायचा. बहुतेकांचं सुधारतं. हुबेहूब पहिल्यासारखं होईल असं लिहून देणार नाही. पण काका, तुम्ही आत्ता जे विचारलंत ते मला तीनदा विचारून घ्यावं लागलं."

खर्चाचा आकडा मी इथे लिहीत नाही. उगाच वाचणाऱ्याचेही दात पडायचे. एवढं सांगते, की वहिनींनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "करू काहीतरी." म्हणजे अडचण तिथे नव्हती. भाऊजी सुळ्यावर अंगठा ठेवून बसले होते, लहान मूल खेळणं लपवतं तसे. "माझा आवाज या पाचांतच आहे," म्हणाले. "हे गेले की मी गेलो."

स्टँडच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, सोमवारी माइकवर या. लोकांना नीट कळलं तर खुर्ची तुमची. नाही कळलं तर सामानाच्या खोलीत बसा, तिथे बोलावं लागत नाही. सामानाची खोली म्हणजे काय ते मी पाहिलंय. पत्र्याचं दार, बेवारस छत्र्या, आणि दिवसभर कुणाशी एक शब्द नाही. ज्या माणसाच्या एका पुकाऱ्यावर शेकडो माणसं उठून चालू लागतात, त्यानं छत्र्यांवर देखरेख करायची.

तेव्हा सराव सुरू झाला. बाकी सगळं जमत होतं हो. गाड्यांची नावं लांबलचक, त्यातलं अर्धं गेलं तरी उरलेल्यावरून कळतं. अडलं ते आकड्यांवर. एक, आठ, चार, पाच, काही ना काही कळायचं. पण सहा आणि दहा! स म्हणायला गेलं की हवा मोकळ्या बोगद्यातून निघून जायची, द म्हणायला गेलं की जिभेला टेकायला भिंतच नाही. दोन्हींचं मिळून एकच पीठ, हहा.

भाऊजी आपल्या दारात उभे राहायचे, आम्ही दोघी समोर. ते म्हणायचे, "हहा." मी म्हणायची, "सहा."

"दहा," वहिनी म्हणायच्या.

"बरोबर! दहा!" भाऊजी टाळी वाजवायचे. "पुन्हा. हहा."

"दहा," मी म्हणायची.

"सहा," वहिनी.

"बरोबर!"

दर वेळी! अहो, एकदाही चूक नाही. मी डोळे फाडून बघत राहिले. हे कसले कान घेऊन आलेली बाई? मी सरळ नाणं उडवल्यासारखी बोलत होते आणि ही तराजूत तोलल्यासारखी. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलावलं, तेही अर्ध्या वेळा आपटले. वहिनी मात्र भाजी निवडता निवडता, जरा मान वर करून, सहा, दहा, दहा, सहा.

"बघा," भाऊजी मला म्हणाले, "बोलण्यात दोष नाही. दोष तुमच्या कानात आहे. त्या बाईंकडे एक स्क्रू शिल्लक असेल तर कानात घालून घ्या."

"माझ्या कानाचं सोडा. स्टँडवर सगळ्यांचे कान माझ्यासारखेच असतात."

"तुम्हाला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही!"

"अगदी बरोबर," मी म्हटलं. "पण हे बरं झालेलंच नाही."

त्यांनी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंना निरोप गेला, तूर्त गरज नाही. पाची दात वाचले. भाऊजी रात्री जेवताना म्हणे सुळ्याला उद्देशून म्हणाले, "राहिलास रे गड्या."

सोमवारी वहिनींना त्यांच्या बहिणीकडे जायचं होतं. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डोंगराकडची गाडी. मी बॅग धरायला गेले होते. खरं सांगायचं तर बॅग हे निमित्त. स्टँड भरलेला होता. डोंगराची गाडी आणि बंदराची गाडी दोन्ही एकाच वेळेच्या, दोन्ही गाड्या उभ्या, दोन्हींवर पाटी तिसऱ्याच गावाची. सगळ्यांच्या माना भोंग्याकडे. वर काचेमागे भाऊजी, नवा शर्ट, केस चप्प, मान माइकवर वाकवलेली.

भोंगा खरखरला. "प्रवाशांनी लक्ष द्या. डोंगराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक हहावर लागलेली आहे."

स्टँडभर माना एकमेकांकडे वळल्या. मग चारी बाजूंनी, "काय म्हणाला? सहा? दहा?"

"सहा," मी म्हटलं.

"छे!" वहिनी हसल्या. "तुम्हाला कुठं कळतं त्यांचं? दहा." आणि बॅग माझ्या हातातून घेऊन त्या तरातरा दहावर गेल्यासुद्धा.

आता मी काय करणार? जिला दर वेळी बरोबर कळलं, तिच्यापुढे माझे कान म्हणजे भिंतीची भोकं. तेवढ्यात पुन्हा पुकारा, "बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक हहावर."

मग जे झालं ते मी आजही आठवलं की डोळे मिटते. सहावरची माणसं दहाकडे धावली, दहावरची सहाकडे. पाण्याच्या नळापाशी दोन्ही लोंढे एकमेकांवर आदळले. पेट्या, पोरं, पिशव्या, एकाचा चष्मा, एकीची चप्पल. एक म्हातारे गृहस्थ मधोमध उभे राहून ओरडत होते, "अरे, सहा आणि दहा एकच केलेत का?" भोंगा घाबरून तेच तेच म्हणत होता, हहा, हहा, आणि ते गावभर घुमत होतं, कुणीतरी मोठ्यानं हसल्यासारखं.

दहावरची गाडी हलली. मी वर बघितलं. भाऊजी काचेला चिकटले होते. त्यांची नजर गाडीच्या खिडकीवर होती, आणि खिडकीत वहिनी, फोन कानाला, बहिणीला सांगत असणार, "निघाले गं." गाडी बंदराची होती. डोंगराची गाडी सहावरच होती.

भाऊजींचा चेहरा असा झाला, जसा केळ्याच्या दिवशीही झाला नव्हता. ते माइकवर झडप घालून ओरडले, "अगं, उतर! उतर म्हणतो ना!"

दात नसताना एवढं स्पष्ट ते कधी बोलले नव्हते. सगळ्या स्टँडला कळलं. झाडून साऱ्या गाड्यांमधले लोक उतरले. सामानासकट, धडाधड, हा आग लागल्याचा पुकारा समजून. उतरली नाही ती एकटी वहिनी. गाडी फाटकाबाहेर गेली.

साहेब वर गेले. ओरडले वगैरे काही नाहीत, ते जास्त वाईट. त्यांनी माइकचं बटण बंद केलं आणि म्हणाले, "तूर्त सामानाची खोली. तोंड दुरुस्त करून या, खुर्ची तुमचीच आहे. पण असं नाही, दादा. एखादं पोर चुकलं असतं आज."

दुपारी आम्ही दोघं छत्र्यांमध्ये बसलो होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. भाऊजींनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"अहो, समोर समुद्र दिसतोय."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"बहिणीच्या घरापुढे समुद्र कधी आला?"

भाऊजींनी फोन माझ्यापुढे सरकवला. मीच म्हटलं, "वहिनी, मिळेल त्या गाडीनं परत या. तुमची गाडी सहावरचीच होती."

पलीकडे वारा आणि पक्ष्यांचा कालवा. मग त्या म्हणाल्या, "बरं. आलेच आहे तर पाय भिजवून येते."

संध्याकाळी त्या आल्या. साडीचा काठ ओला, चेहरा उन्हानं लाल. भाऊजी दारात उभे. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून मी माझं दार जरा उघडंच ठेवलं. भांडण नाही. भाऊजींनी नुसतं विचारलं, "घरी तुला दर वेळी कळायचं. तिथे का नाही कळलं?"

"घरी तुम्ही दिसता," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"दहा म्हणताना तुमच्या भुवया वर जातात. सहाला जात नाहीत. लग्नापासून. भोंग्याला भुवया असतात का?"

मी बाहेर आले. राहवेना. "म्हणजे तुम्ही इतके दिवस ऐकत नव्हतातच?"

"ऐकायचं?" वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या. "अहो ताई, एवढ्या वर्षांत यांचं मी कधी ऐकलंय? मी बघते."

"आणि मला वाटत होतं..." भाऊजी म्हणाले आणि पायरीवर खालीच बसले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पाच दातांत आवाज आहे अशी खूणगाठ बांधून बसलेला माणूस, आणि तो इतके दिवस कपाळावरून बोलत होता. एक शब्द पोचला नव्हता, आणि जिच्या भरवशावर माइकपुढे बसला तिलाच चुकीच्या गाडीत बसवून समुद्राला लावून मोकळा झाला. त्यांनी तोंडात अंगठा घातला, सुळा हलवून बघितला.

"अजून घट्ट आहे," म्हणाले.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "घट्ट असून मला बंदराला पाठवलंन ना."

भाऊजींनी अंगठा शर्टाला पुसला. मग खिशातून फोन काढला आणि स्वतःच नंबर लावला. आवाज बाहेर येईल असा ठेवला, बहुधा मला तोंडानं पुन्हा सांगायला लागू नये म्हणून. डॉक्टरीणबाईंची मदतनीस बोलत होती.

"स्कॅन करायचाय," भाऊजी म्हणाले. "मग ते पाच काढायचे. मग कमान."

तिला तीनदा सांगावं लागलं. शेवटी कळलं. "हो हो, काका! या ना. गुरुवारी चालेल? संध्याकाळी सहाला येता की सकाळी दहाला?"

मी वहिनींकडे बघितलं.

"हहा," भाऊजी म्हणाले.

"सहा?"

"हहा!"

"काका, सहा की दहा?"

भाऊजींनी फोन तोंडापासून लांब धरला आणि त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. भुवया कपाळावर, पार केसांना भिडायला आलेल्या.

वहिनींनी हात पुढे करून त्यांच्याकडून फोन घेतला.

"दहा," त्या म्हणाल्या.